ऐनवेळचे विषय

नाना पेठेत, सायकलच्या दुकानावरची खोली.
बारा खुर्च्या, त्यातल्या नऊ एकसारख्या.
पंखा एकवर ठेवला तर फिरत नाही,
तीनवर ठेवला तर कागद उडतात,
म्हणून मसुद्यावर एक पाना ठेवलेला,
खालच्या दुकानातून मागून आणलेला, परत करायच्या बोलीवर.

विषय पहिला : सुदानमधलं युद्ध.
शिरीष खाडिलकर म्हणाले, नमुना आहे आपल्याकडे,
आणि कपाटातून काढला जुना ठराव, जांभळ्या कार्बनचा.
देशाचं नाव तेवढं बदलायचं.
खरंच, बाकी सगळं बसत होतं.
साम्राज्यवादी शक्ती बसत होत्या,
शूर जनता बसत होती,
फक्त 'जनतेच्या बाजूने लढणारे' या शब्दांपाशी
पेन थांबलं.
कोण लढतंय जनतेच्या बाजूने?
दोन सेनापती. कालपर्यंत एका ताटात जेवणारे.

मग दीड तास.
मेहरुन बागवान म्हणाल्या, दोघांचाही निषेध करा आणि मोकळे व्हा.
'मोकळे व्हा' याला हरकत घेण्यात आली.
अन्वय म्हणाला, सोनं कुठं जातं ते लिहा, बंदुका कुठून येतात ते लिहा.
कुणीतरी म्हणालं, जपून,
तिथंच आपली माणसं गवंडीकामाला आहेत.
'तीव्र' हा शब्द दोनदा आत आला, दोनदा बाहेर गेला,
शेवटी कंसात उभा राहिला,
चप्पल न काढलेल्या पाहुण्यासारखा.

मी इतिवृत्त लिहिते. एकवीस वर्षं.
अक्षर चांगलं आहे म्हणून मला मत नाही
असं कुणी म्हटलेलं नाही.
पण लिहिणाऱ्या हाताने वर कधी व्हायचं?

शेवटच्या खुर्चीत रेवणनाथ काळोखे,
भोसरीहून, दुसरी पाळी बुडवून आलेले.
म्हणाले, एक विचारू का?
आमच्याकडं मार्चपासून एक रिंग चालू आहे.
बोटभर जाड, आतून आटे.
ड्रॉइंगवर गिऱ्हाइकाचं नाव खोडलेलं.
अडीच हजार नग, ओव्हरटाइम दुप्पट,
पोरीच्या डिप्लोम्याची फी त्यातनंच निघाली.
पाण्याच्या पंपाची असंल. असंलच.
पण कुणाला म्हाईत आहे का, कसं ओळखायचं?

खाली कुणीतरी नव्या सायकलची घंटी
वाजवून बघत होतं. पुन्हा. पुन्हा.
खाडिलकर म्हणाले, मुद्दा महत्त्वाचा आहे,
ऐनवेळच्या विषयांत घेऊ.

ऐनवेळच्या विषयांत आधीच एक होता.
इद्रीस, फार्मसीचं तिसरं वर्ष, मुक्काम कोंढवा.
त्याला 'तिथली परिस्थिती' सांगायला बोलावलं होतं.
त्याने टेबलावर ओल्या बोटाने ओमदुरमान काढलं,
पूल, बाजार, आई शिकवायची ती शाळा.
मध्ये पाण्याचा ग्लास आला, तो कुणी उचलला नाही,
म्हणून त्याने नाईल वळवून घेतली.
मग रिक्षावाल्यांकडून शिकलेल्या मराठीत म्हणाला,
काका, घरमालकाशी कुणी बोलेल का?
चार महिने पैसे नाय आले. बँकच जळाली.

ठराव मंजूर. सात विरुद्ध तीन.
तटस्थ एक.
कोण, ते लिहायला गेले आणि लक्षात आलं,
मी.

पाच प्रती. दोन दिल्लीला, दोन वर्तमानपत्रांना,
एक कपाटाला, पुढच्या युद्धासाठी.

पाना परत द्यायला उतरले तर दुकान बंद.
(तो अजून माझ्या पर्समध्ये आहे.)
फुटपाथवर दोघं उभे होते.
काळोखे अंगठा आणि तर्जनी जुळवून
इद्रीसला दाखवत होते : एवढी. आतून आटे.
फार्मसीचा मुलगा, त्याला काय कळणार,
पण तो वाकून, एक डोळा मिटून बघत होता
त्या दोन बोटांमधल्या
रिकाम्या जागेतून.